भुलाबाईची वाटणी

माझी बायको मेली तेव्हा गावच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला तो शेजारच्या बुढीचा. ती बुढी जिवंत आहे. मी हे लिहायला बसलो तेव्हाही भिंतीपलीकडं ती कोंबड्यांना शिव्या देत होती.

कसं झालं ते सांगतो, कारण लोक अर्धवट सांगतात आणि हसतात. हसावं, माझं काही म्हणणं नाही. मीही हसलो असतो, पण तेव्हा मला रडण्याचं काम होतं.

आमचं गाव वाशिमकडच्या मालेगाव तालुक्यात, मेडशीच्या अंगाला. माझं घर आणि शेजाऱ्याचं घर यांच्यात एकच भिंत, आणि भिंतीला जायला-यायला एक खिंडार. शेजारी म्हणजे माझ्या मेलेल्या दोस्ताचा पोरगा, माझ्या पोराच्या बरोबरीचा. त्याच्या घरात त्याची माय, म्हणजे ही बुढी, त्याची बायको आणि एक पोट्टी. आमच्याकडं मी, माझी बायको, पोरगा, सून आणि तेवढ्याच वयाची नात. दोन्ही पोट्ट्या झेडपीच्या शाळेत एका वर्गात, एका बाकावर. माझी बायको रोज सकाळी दोघींना ओट्यावर पुढं बसवून एकाच फणीनं वेण्या घालायची. त्यांची आमच्याकडं जेवायची, आमची त्यांच्याकडं झोपायची. पाहुणा आला तर त्याला विचारावं लागे, यातली तुमची कोणती.

श्रावणात बायकोला ताप आला. मालेगावला नेली, वाशिमला नेली, मग घरी आणली. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता आमच्या भागात माणूस गेलं की चौकात फ्लेक्स लागतो. नाही लागला तर लोकांना वाटतं, खरंच मेलं की नाही. माझा पोरगा ओसरीत भिंतीला टेकून बसलेला, त्याला काही सुचेना. शेजारी म्हणाला, "भाऊ, तू बस. मालेगावचं मी पाहतो." चांगुलपणानं गेला. हे मी आजही म्हणतो.

अडचण फोटोची. बायकोचा एकटीचा फोटो आधार कार्डावरच होता, आणि त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसत होती. एक बरा फोटो शेजाऱ्याच्या मोबाइलात होता, त्यांच्या घरावर स्लॅब पडला तेव्हाच्या पूजेतला. दोघी बुढ्या शेजारी-शेजारी उभ्या, दोघींच्या डोक्यावर पदर, दोघींची लुगडी एकाच दुकानातली, जांभळी. शेजाऱ्यानं तो फोटो दुकानात दाखवला आणि सांगितलं, "बुढीचा बनवा." दुकानातल्या कारागिराला जी जास्त स्पष्ट दिसली ती त्यानं कापली. फ्लेक्स गुंडाळून मोटारसायकलवर गावात आला तेव्हा लाइन गेलेली. बांधणाऱ्यांनी अंधारातच बांधला.

सकाळी गाव पाहतं तर नाव माझ्या बायकोचं आणि तोंड शेजारच्या बुढीचं. खाली 'शोकाकुल' म्हणून शेजाऱ्याचाही फोटो, काळा चष्मा लावून. म्हणजे जित्या मायच्या खाली उभा राहून पोरगा तिच्यासाठी शोकाकुल.

बुढी दळण घेऊन चौकातून चालली होती. तिनं दळण खाली ठेवलं आणि बराच वेळ पाहिलं. मग आमच्या ओसरीत येऊन माझ्यासमोर बसली.

"भाऊ," म्हणाली, "पाह्यलं काय? तुमच्या बायकोनं जाता जाता मले पुढं केलं. पह्यल्यापासूनच चलाख होती." मग पदर सारखा करून म्हणाली, "फोटो मातर बरा आला माहा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा भाकर खाल्ली.

एवढ्यावर मिटलं असतं. पण कोणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून मोबाइलवर पाठवला आणि तो फिरत फिरत किन्हीराजाला गेला. तिथं बुढीचं माहेर. नाव कोण वाचतं? लोक तोंड पाहतात. बाई मेली की तिच्या अंगावर माहेरचं शेवटचं लुगडं पडतं, ही आमची रीत. बुढीचा भाऊ लुगडं घेऊन, माणसं घेऊन, जीप करून निघाला. वेशीपासूनच रडणं ऐकू येत होतं. बुढी ओट्यावर सुपात डाळ पाखडत होती. तिला वाटलं, आमच्याकडं कोणी रडायला आलं. भाऊ समोर येऊन उभा राहिला तसं तिनं सूप खाली ठेवलं.

"कोन मेलं गा दादा?"

भाऊ रडता रडता म्हणाला, "तू वं!"

त्यानंतर त्याला पाणी पाजावं लागलं. जीपमधल्या बायांना रडणं मध्येच कसं थांबवावं ते कळेना, म्हणून त्या आमच्या घरी येऊन उरलेलं रडून गेल्या. जाताना भाऊ लुगडं परत पिशवीत घालायला लागला. बुढीनं पिशवी धरली. "आणलंच हाये तं ठेव. मेल्यावर मले कोठी दिसणार हाये कसं हाये ते. आताच नेसतो."

बुढीला मजा वाटली, तिच्या पोराला वाटली नाही. मामासमोर त्याची नाचक्की झाली. संध्याकाळी तो खिंडारात उभा राहून ओरडला, "तुमच्या मयतीनं माह्या मायले जितेपणी मारलं!"

माझा पोरगा उठून गेला. "अन् तू काय केलं बे? माही माय सवाशीण गेली. कपाळभर कुंकू घेऊन गेली. तू तिचं कपाळ पांढरं करून चौकात टांगलं!" शेजारची बुढी विधवा, तिच्या कपाळाला कुंकू नाही, ते फ्लेक्सवर दिसत होतं.

असे दोन पोरगे आपापल्या मायच्या अब्रूसाठी भांडत होते. एक माय राख झालेली आणि दुसरी आत लुगडं नेसून पाहत होती. दोघींना कोणी विचारलं नाही.

मी मध्ये पडलो. आपल्याकडं म्हणतात, मेल्याची खोटी बातमी आली की त्या माणसाचं आयुष्य वाढतं. ते मी शेजाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अस्सं काय काकाजी? मंग तुमच्या पोराचा बी लावतो फ्लेक्स. वाढू द्या आयुष्य." त्यावर माझ्या पोरानं पायातली काढली. तिथून बोलणं बंद.

तेरवीला घरात लावायला फोटो पाहिजे होता. पोरानं मालेगावच्या दुकानात राहिलेल्या त्याच फोटोतून या वेळी बरोबर बाई कापून आणली. पण दोघी इतक्या चिकटून उभ्या होत्या की बुढीचा हात माझ्या बायकोच्या खांद्यावर तसाच राहिला. पोरगा म्हणाला, "बाबा, कारागीर म्हणते हात मिटवता येते."

"राहू दे," मी म्हणालो.

"त्याईचा हात आपल्या घरात?"

"खांदा कोणाचा हाये ते पाह्य. तिले चालत होता."

आता पोट्ट्यांचं सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. माझ्या पोरानं नातीला बजावलं, "तिच्यासंग बोलाचं नाही." पलीकडंही तोच हुकूम निघाला. पोट्ट्या हुकुमाच्या पक्क्या. बोलल्या नाहीत. गायला लागल्या. आमची भिंतीजवळ उभी राहून गाण्याच्या चालीत विचारायची की उद्याचा गृहपाठ काय आहे, आणि पलीकडून त्याच चालीत यायचं की गृहपाठाचं पान बकरीनं खाल्लं. दोन्ही बाप आपापल्या ओसरीत बसून ऐकत.

"हे बोलनंच झालं," माझा पोरगा म्हणाला.

"नाही बाबा, हे कविता हाये," नात म्हणाली.

मग गाण्यावरही बंदी आली. मग भिंतीवर टिपऱ्यांची टकटक सुरू झाली. ठोक्यांची त्यांची काहीतरी भाषा होती. सून म्हणाली, "मामाजी, भिंतीत घूस शिरली वाटते." मी म्हणालो, "शिरली. मारू नको."

तोवर मला काळजी नव्हती. मला वाटत होतं, बापांचं भांडण जुनं होईल, पोरी टिकतील. मग गावानं न्याय करायचं ठरवलं, तिथं घोटाळा झाला.

आमच्या गावच्या तंटामुक्तीच्या अध्यक्षाला न्याय करण्याची भारी हौस, पण तंटे होत नव्हते. हा तंटा झाल्यावर तो इस्त्रीचा सदरा घालून पारावर आला. सगळ्यांना बसवलं. बुढीला उभं केलं.

"बाई, पयले तुमी जित्या हायेत हे सर्वाईसमोर सांगा."

"सांगून काय फायदा?" बुढी म्हणाली. "तुमीच तं मोबाइलच्या गुरुपवर हात जोडून पाठवले माह्यासाठी. नातीनं वाचून दाखवलं मले."

अध्यक्षानं मोबाइल काढून पाहिला आणि उलटा करून मांडीवर ठेवला. मग घसा साफ करून निकाल दिला की जे जे सामाईक आहे ते वाटून घ्या, म्हणजे तंट्याला जागाच राहत नाही. भिंतीचं खिंडार बुजवायचं. फवारणीचा पंप त्यांना, शिडी आम्हाला. ढोरांचं पाण्याचं टाकं भिंतीखालून अर्धं इकडं, अर्धं तिकडं होतं. त्यावर खडूनं रेघ मारायचं ठरलं. पाणी रेघ मानेल की नाही हे कोणी विचारलं नाही. एवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "आन् भुलाबाई?"

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडं पोरींची भुलाबाई बसते. पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी तिचा नवरा भुलोबा, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन येतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत असते. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते, आत कोणता खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही. आमच्या दोन घरांची मिळून एकच जोडी होती. कोजागिरीनंतर काही घरं मूर्ती पाण्यात शिरवतात. माझी बायको जपून ठेवायची. मालेगावच्या बाजारातून दोघी बुढ्यांनी ती आणली होती. भुलाबाई माझ्या बायकोनं पसंत केली, भुलोबा शेजारच्या बुढीनं.

अध्यक्षानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग सोपं हाये. ज्याचं त्याले. भुलाबाई याईची, भुलोबा त्याईचा."

कोणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, ते नवराबायको हायेत ना."

"मंग काय झालं? कोर्टात रोज होऊन राह्यलं."

मी उठून म्हणालो, "राजेहो, माही बायको देवानं नेली, ते समजलं. देवाची बायको तंटामुक्ती नेऊन राह्यली, हे काही समजत नाही." लोक पोट धरून हसले. तेवढ्यात चहा आला आणि निकाल कायम झाला.

आमच्या घरी वर्षभर सण नाही; तेरवी झाली तरी वर्ष सरेपर्यंत लोक त्याला सुतकच म्हणतात. सुनेनं भुलाबाईला कोपऱ्यात पाटावर ठेवलं आणि वरून टोपलं झाकलं. पलीकडं भुलोबा उघड्यावर, मांडवाखाली, पण एकटा. पहिल्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन त्यांच्याकडं गेल्या, त्याच्याकडं पाहिलं आणि थांबल्या. सगळी गाणी तिची. तिचं सासर, तिचं माहेर, तिचा रुसवा. त्याला गाण्यात काही काम नसतं, तो बसून असतो. त्याच्यासमोर काय म्हणावं? पोरी दुसऱ्या घरी निघून गेल्या.

शेजाऱ्याला हे लागलं. तो मालेगावला जाऊन नवी भुलाबाई घेऊन आला. पण बाजार उठत आलेला, लहान मूर्ती संपलेल्या. जी मिळाली ती एवढी थोराड की भुलोबा तिच्या मांडीला लागेना. आणि बुढी तिला पाटाजवळ येऊ देईना. "त्याची पयली पल्ल्याड टोपल्याखाली बसली हाये, जितीजागती. मी असलं पाप पाटावर मांडत नाही." शेवटी नवी भुलाबाई कोठ्यात कडब्याला टेकून उभी राहिली. म्हैस तिच्याकडं पाहायची आणि रवंथ करायची.

मीही हसत होतो, खोटं कायले बोलू? बायको गेल्यावर त्या घरात हसायला एवढंच होतं.

सोयाबीन सोंगणीला आलं तसे पोरगा आणि सून दिवस उगवायच्या आत वावरात जायला लागले. नातीची वेणी माझ्याकडं आली. मी जन्मभर दावी वळली, केस वळले नाहीत. माझ्या वेणीनं म्हैस बांधली असती तर सुटली नसती. पोट्टी बिचारी मान वाकडी करून शाळेत जायची. एका दुपारी ती डोळे सुजवून घरी आली.

"काय झालं वं?"

"ती म्हणाली, तुह्या बापानं माह्या आजीले मारलं."

"तिची आजी तं आता कोंबड्यामागं धावून राह्यली होती."

"मी बी तेच म्हटलं."

"मंग?"

"मंग मी म्हटलं, तुमी लोकंच तसे हायेत. पह्यल्यापासून. तुमच्यावर विश्वासच ठेवू नाही." असं म्हणून तिनं दप्तर आपटलं. "बाक बदलून घेतला मी. टिपरी बी वाजवत नाही आता."

आवाज तिचा नव्हता. माझ्या पोराचा होता. वासराच्या गळ्यात बैलाची घंटा बांधावी तसा तो तिच्या तोंडात लोंबत होता. तिथं माझं हसणं थांबलं. भांडण बापांच्या अंगावर होतं तोवर तमाशा होता. आता ते पोरींच्या पोटात उतरलं होतं, आणि पोटात गेलेलं मोठेपणी निघत नाही.

दुसऱ्या दिवशी बुढीनं भिंतीवरून हाक मारली. खिंडार बुजवल्यापासून ती बादली पालथी घालून तीवर चढून बोलायची.

"भाऊ, आयकलं काय? पोट्टीले मेडशीले टाकून राह्यले, मामाकडं. दिवाळी झाली की तिकडच्याच शाळेत."

"काहून?"

"माहा पोरगा म्हणते, या भिंतीजवळ राहून पोट्टी बिघडून राह्यली. घरात रडते, शाळेत भांडते. मी म्हटलं, भिंतीले काय दोष देता? तं म्हणे, तू बोलू नको." बादली हलली तसं तिनं भिंत धरली. "तुमची बायको असती तं असं होऊ देलं असतं काय?"

नसतं होऊ दिलं. तिनं दोघा बापांचे कान धरले असते, त्यांच्या पोरींदेखत. मला कान धरता येत नाहीत, ते तिचं खातं होतं. मी नुसता विचार करत राहिलो की मेडशी काही विलायत नाही, एस.टी. जाते. पण मोठ्यांनी तोडलेली पोरांची दोस्ती एकदा एस.टी.त बसली की तशीच्या तशी परत येत नाही. पोरी कोणाच्यातरी लग्नात भेटतात आणि 'कशी हायेस' म्हणतात. मला कान धरता येत नव्हते, पण ओझं उचलता येतं. तेवढंच येतं.

कोजागिरीच्या संध्याकाळी मी टोपलं उचललं, घमेल्यात सोयाबीनच्या भुशाचं मऊ कुटार पसरलं, त्यावर भुलाबाई ठेवली आणि घमेलं डोक्यावर घेतलं.

सून दारात आडवी आली. "मामाजी, सुतकात देव कोठी घेऊन चालले?"

"नवऱ्याच्या घरी पोचवतो. त्याले सुतक लागत नाही."

"कोनी सांगतलं?"

"मी सांगून राह्यलो."

ती बाजूला झाली. नात टिपऱ्या घेऊन मागं आली, पण चार हात लांबून, जशी काही ती माझ्याबरोबर नव्हतीच. खिंडार बंद, म्हणून गल्लीला वळसा घालून जावं लागलं. पारावर माणसं बसलेली.

"काकाजी, डोक्यावर काय? कोठी चालले?"

"पोरगी नांदवाले चाललो."

"तुमाले तं पोरगाच हाये."

"आता पोरगी बी हाये."

पारावरची माणसं उठून मागं आली. कोणाला काही काम नव्हतं. शेजारी त्याच्या फाटकात उभा होता. त्यानं फाटकाला हात लावला.

"काकाजी, थांबा. तुमी सुतकातले माणूस. देवाले हात कसा लावला?"

"मी देवाले लावला नाही. घमेल्याले लावला."

तेवढ्यात बुढी बाहेर आली. किन्हीराजाहून आलेलं लुगडं नेसून, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, नव्या नवरीवरून ओवाळायला घेतात तसा.

"माय, तू आत जाय," शेजारी म्हणाला.

"काहून?"

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. मेलेलं माणूस लोकाईले कोठी रोज पाह्याले भेटते?" आणि ती माझ्याकडं वळली. "व्याही, पोरगी आणली ते बरं केलं. पण उशीर लय केला. आमचा पोरगा वाळून गेला इथी."

"काय करता व्याहीण," मी म्हणालो, "आमी तं आयकलं, त्याले दुसरी करून देली."

"ते नाही पसंत आमाले. लय उंच हाये. तिले कोठ्यात ठेवली."

लोक हसत होते. माझा पोरगा थ्रेशरवरून धावत आला, डोक्यापासून पायापर्यंत भुसा. "बाबा, घरी चला! काय तमाशा लावला?"

"तुह्या बापाले आवर," शेजारी त्याला म्हणाला.

"तू पयले तुह्या मायले आवर."

"मले आवरत असती तं आवरली नसती काय?"

"मंग मले काय हे आवरतात?"

चप्पल निघाली त्या दिवसानंतर ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, आणि बोलले ते एकमतानं. त्या नादात शेजाऱ्याचा फाटकावरचा हात सुटला. फाटक तेवढं उघडं राहिलं. बुढीनं भाकरीचा तुकडा माझ्या डोक्यावरच्या घमेल्यावरून ओवाळून फेकला, पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि भुलाबाई उचलून आत नेऊन भुलोबाशेजारी ठेवली. मी डोक्यावर कुटाराचं घमेलं घेऊन तसाच उभा. ते उतरवायचं कोणी म्हणेना, मलाही सुचेना.

गल्लीतल्या पोरी आधीच जमल्या होत्या. गाणी सुरू झाली. पण ज्या दोघींसाठी मी गावभर तमाशा केला त्या काही गाईनात. आमची दाराच्या चौकटीला चिकटून उभी. त्यांची पाटाजवळ बसली, पण पाठ आमच्या पोट्टीकडं करून. एकीनं तोंड उघडलं की दुसरी मिटायची. मला वाटलं, झालं. देवाला पोचवलं, पोरी राहिल्या.

गाणी संपली. बुढीनं झाकलेला डबा आणला आणि हलवला. आवाजच येईना.

"शेंगदाणे," एक पोरगी म्हणाली.

"वाजले असते ना," बुढी म्हणाली.

"शिरा. लाडू. केळं."

बुढी नुसती मान हलवत राहिली. पोरी एक-एक करून थकल्या. आमची पोट्टी चौकटीवरून इंच-इंच पुढं सरकत होती. खिरापत ओळखण्यात ती पटाईत, तिला राहवत नव्हतं. शेवटी ती डब्याजवळ गेली, वाकली आणि म्हणाली, "मुरमुरे."

बुढीनं झाकण काढलं. मुरमुरेच होते.

तशी त्यांची पोट्टी ताडकन उठली. "वास घेतला हिनं! नाक लावलं डब्याले!"

"नाही लावलं!"

"मी पाह्यलं! पह्यल्यापासूनच अशी करते. मागच्या साली बी चिवड्याले नाक लावलं होतं!"

"तू कायले पाहून राह्यली होती माह्याकडं? तुही तं पाठ होती!"

"तिरपी पाहत होतो!"

"मंग मागच्या साली तू काहून नाही सांगतलं?"

"दोस्त होती म्हणून नाही सांगतलं!"

दोघीही रडायच्या घाईला आलेल्या, नाकाला नाक लावून ओरडत होत्या. त्यांच्या पोट्टीची माय उठायला लागली. माझा पोरगा फाटकातून आत शिरला. शेजारीही पुढं झाला. मी घमेलं खाली आपटलं. "बसा सारे. कोनी मधात पडू नका. हे त्याईचं भांडण हाये."

तसे सगळे थबकले. दोघा बापांनाही जागा सोडता येईना, म्हणून ते तिथंच ओट्यावर बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"उद्यापासून तुह्या बाकावर बसनार नाही मी," त्यांची पोट्टी ओरडली.

"नको बसू! बाक तं मी आधीच बदलला."

"दिवाळी झाल्यावर बी बसनार नाही! पाचवीत गेल्यावर बी नाही!"

"नको बसू! माह्या जवळ लय पोट्ट्या हायेत!"

दिवाळीनंतर पोट्टी मेडशीच्या शाळेत जाणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पोट्टीलाही माहीत होतं. बुढी मुरमुरे वाटायचे थांबवून पोराकडं पाहत होती. शेजाऱ्यानं एकदा भुलोबाकडं पाहिलं, एकदा माझ्या पोराकडं पाहिलं, आणि मग पोरीकडं पाहून बापाच्या आवाजात दरडावलं.

"कशी बसत नाही? तिथंच बसशीन. मीच येतो मास्तरकडं उद्या, पाहतो कशी बसत नाही ते."